टेप क्रमांक चार, दुसरी बाजू

फोन आला तेव्हा मी शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या यार्डाच्या ऑफिसात उभा राहून जुन्या ड्रॉइंगवर 'रद्द' असा लाल शिक्का मारत होतो. माझं कामच ते आहे. टाक्या आणि पाइप बनवणाऱ्या कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे कोणता कागद कधी आला, कोणाकडे गेला, त्याची कितवी आवृत्ती चालू आहे आणि कोणती बाद झाली, याची नोंद ठेवणारा माणूस. फोनवर मीरा होती, मॅडमची मुलगी. ती अबुधाबीत बँकेत असते. "गजाननदादा, आई गेली," ती म्हणाली. "पहाटे, झोपेतच. डॉक्टर म्हणाले, पीसफुल होतं." मी म्हणालो, "किती वाजता?" ... जणू रजिस्टरमध्ये नोंद करायची होती. तिने बिचारीने वेळ सांगितली आणि मी ती समोरच्या बाद ड्रॉइंगच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून घेतली. तो कागद मी अजून फाडलेला नाही.

दुपारी जबल अलीच्या स्मशानात आम्ही दहा-बारा जण होतो. मॅडमनी शिकवलेल्या दोन मुली, कॉलेजातले एक-दोन जुने सहकारी, त्यांच्या बिल्डिंगचा नातूर, म्हणजे रखवालदार, युसूफभाई, जो सुट्टी टाकून शारजाहून बस बदलत आला होता. परत निघताना मराठी मंडळातले एक गृहस्थ मला म्हणाले, "त्या आयर्लंडवर काहीतरी रिसर्च करायच्या ना? पुस्तक येणार होतं म्हणे." मी मान हलवली. ते 'काहीतरी' मात्र तिथपासून माझ्याबरोबर गाडीत बसलं आणि अजून उतरलेलं नाही. ते पुस्तक का आलं नाही, हे आता फक्त मला माहीत आहे. ते माझ्यामुळे आलं नाही.

डॉ. नलिनी दाभाडकर मूळच्या पुण्याच्या. तरुणपणी पीएच.डी.साठी लंडनला गेल्या आणि तिथून उत्तर आयर्लंडमध्ये. तिथे तेव्हा ब्रिटिश राजवटीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांचा सशस्त्र लढा चालू होता. बॉम्ब, गोळीबार, रस्त्यांवर सैनिक. मॅडमचा विषय तो लढा आणि त्याला सरकारने दिलेलं उत्तर असा होता. पहाटे दारं फोडून माणसं उचलणं, खटल्याशिवाय डांबून ठेवणं, डोक्यावर कापडी पिशवी चढवून तासन् तास भिंतीशी उभं करणं, ज्युरीविना चालणारी कोर्टं, पैसे देऊन पाळलेले खबरे. "बंदूक कोणी चालवली ते लिहिणारे पुष्कळ आहेत," त्या म्हणायच्या. "तिच्या दोन्ही बाजूंच्या घरांमध्ये नंतर काय शिजलं, ते मला लिहायचं आहे." लग्नानंतर त्या यजमानांबरोबर इकडे आल्या, शारजातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवू लागल्या, पण दर उन्हाळ्यात टेपरेकॉर्डर आणि बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन तिकडे जायच्या. तुरुंगात राहून आलेले, पोलिसांच्या विधवा, निवृत्त सैनिक... सगळे त्यांच्याशी बोलले. मी विचारलं होतं, ते तुमच्याशीच का बोलले? त्या म्हणाल्या, "मी त्यांच्या गल्लीत राहणार नव्हते ना. आणि लाडू खाताना माणसाला फार वेळ गप्प बसता येत नाही."

मी त्यांच्याकडे गेलो तो नऊ वर्षांपूर्वी. मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला होता: 'मराठी टायपिंग स्वच्छ येणारी, कमी बोलणारी व्यक्ती आठवड्यातून एक दिवस हवी आहे.' मी मेहकरचा. वडील शाळेत शिपाई. तास संपला की घंटा वाजवायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि त्या पायरीचा उपयोग काय, असं सगळ्या भाऊबंदांनी विचारून झालेलं. मॅडमनी दार उघडलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "काय शिकलास?" मी म्हणालो, "बी.ए. इतिहास, मॅडम. म्हणजे तसा साधाच... पास क्लास." त्या हसल्या. "इतिहासातून पास होऊन निघता आलं का तुला? मला अजून आलेलं नाही. बैस." चहा त्यांनी स्वतः आणून दिला. आमच्या गावी सरांच्या घरी मी कधी खुर्चीवर बसलो नव्हतो. इथेही अर्धाच बसलो. "पूर्ण बस," त्या म्हणाल्या. "ती खुर्ची तुझीच आहे आता."

आमची कामाची पद्धत विचित्र होती. एक ते बावीस क्रमांक टाकलेल्या कॅसेट, प्रत्येक नव्वद मिनिटांची, पंचेचाळीस एका बाजूला आणि पंचेचाळीस दुसऱ्या. त्या कॅसेटमधले आवाज मॅडमशिवाय कोणी ऐकायचे नाहीत, असा शब्द त्यांनी त्या माणसांना दिलेला. म्हणून त्या कानांना हेडफोन लावून बसायच्या, एक वाक्य ऐकायच्या, बटण दाबून टेप थांबवायच्या आणि ते मराठीत मला सांगायच्या. मी टाइप करायचो. पुस्तक मराठीतच व्हायचं होतं, "इंग्रजीत लिहिणारे तिकडे आहेत, आपल्या माणसांना कोण सांगणार?" हा त्यांचा हट्ट. त्यामुळे मी त्यांतल्या एकाचाही आवाज कधी ऐकला नाही. ज्याच्यावर पिशवी चढवली तो, ज्याने ती चढवली तो, रस्त्यावर कचऱ्याच्या डब्यांची झाकणं आपटून शेजाऱ्यांना सावध करणाऱ्या बायका, सगळे माझ्याशी मॅडमच्याच आवाजात बोलले. शारजातल्या तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत. एकदा तुरुंगाचे कपडे घालायला नकार देऊन अंगावर नुसतं ब्लँकेट घेऊन राहिलेल्या कैद्याबद्दल चाललं होतं. मी आपला हुशारीने म्हणालो, "मॅडम, घोंगडी लिहू का?" त्या म्हणाल्या, "नको रे. घोंगडी म्हटलं की मागे मेंढरं आली पाहिजेत. ब्लँकेटच ठेव." आणि हसता हसता हेडफोन परत लावला, आणि पुढचं वाक्य ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की मी कीबोर्डवरची बोटं उचलली.

खऱ्या नावांच्या जागी मॅडमनी झाडं दिली होती. सात माणसं, सात झाडं. त्यांतली दोन इथे येणार आहेत: बाभूळ आणि उंबर. तीही मी इथे बदलून लिहितो आहे, गावाचं नाव लिहीत नाही, आणि पुढे जी एक वस्तू येईल तीही खरी दुसरीच होती. बाभूळ म्हणजे तुरुंगात बरीच वर्षं काढलेला माणूस. मॅडम पहिल्यांदा भेटल्या तेव्हा तिशीचा होता, आता म्हातारा. लाडू खिशात घालून आईसाठी न्यायचा. उंबर म्हणजे एका पोलिसाची विधवा. कोणतं झाड कोण, हे मॅडमच्या डोक्यात होतं आणि कुठेही लिहिलेलं नव्हतं. "कागदावर आलं की ते माझं राहत नाही," त्या म्हणायच्या. "तिकडे सरकार कोर्टातून कागद मागू शकतं. संशोधकाचा शब्द तिथे चालत नाही. आणि सरकारच्या आधी दुसरेही मागायला येतात, ते कोर्टात जात नाहीत."

हे सगळं मी ऐकलं होतं. शंभर वेळा ऐकलं होतं. तरीही...

मॅडमचे हात थरथरू लागले तेव्हापासून डिसेंबरात त्या सात जणांना जायच्या नाताळच्या कार्डांवरचे पत्ते मी लिहू लागलो. नावं, घराचे क्रमांक, रस्ते. टाइप केलेल्या मजकुरातले रस्ते माझ्या डोळ्यांपुढे होतेच. कोणी जुळवाजुळव करायला न सांगता सगळं आपोआप जुळलं. रोज आठ तास हेच करणाऱ्याच्या डोक्याला ते बंद ठेवता येत नाही. त्याच सुमारास मॅडम विसरू लागल्या होत्या. एकदा गॅसवर दूध विसरल्या, एकदा मला 'मोहन' म्हणाल्या, ते त्यांच्या गेलेल्या यजमानांचं नाव. मला भीती वाटली. या बाईंच्या डोक्यात एवढं आहे, उद्या ते पुसलं गेलं तर? मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या आयर्लंडमधल्या एका प्राध्यापकांचं मेल आलं. विचारलं होतं, एकूण टेप किती आहेत? मॅडम म्हणाल्या, "गजानन, त्यांना आकडा कळव." आकडा बावीस होता. मी दोन दिवस यार्डातून आल्यावर बसून पूर्ण रजिस्टर तयार केलं. टेप क्रमांक, तारीख, ठिकाण, झाड, खरं नाव. आणि शेवटचा रकाना, जो आमच्या यार्डात लागतोच: 'संदर्भ पाहा'. त्या रकान्यात मी टेप चारसमोर अकरा लिहिलं आणि अकरासमोर चार. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे लिहायला लाज वाटते. माझ्याइतकं बारकाईने कोणी वाचलं नसेल, मॅडम खूश होतील, असं वाटलं. मेलच्या उत्तरात ते जोडलं आणि प्राध्यापकांना नि मॅडमना, दोघांनाही पाठवलं.

टेप अकरामध्ये उंबर सांगते की, खून झाला त्या संध्याकाळी तिच्या मुलाची निळी सायकल रस्त्यात आडवी पडली होती आणि नवरा ती उचलायला बाहेर गेला. टेप चारच्या दुसऱ्या बाजूला बाभूळ सांगतो की, तो गाडीत बसून होता, रस्त्यात एक निळी सायकल होती, आणि ती उचलायला कोणीतरी येईल म्हणून ते थांबले होते.

पुढच्या शुक्रवारी गेलो तेव्हा रजिस्टर छापून टेबलावर ठेवलेलं. मॅडमनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे भरायला कोणी सांगितलं तुला?" मी म्हणालो, "मॅडम, क्रॉस रेफरन्स नसला तर रजिस्टर अपुरं मानतात. आमच्याकडे ऑडिटला..." त्या ऐकत नव्हत्या. "मला हे वीस वर्षं माहीत आहे," त्या हळू म्हणाल्या. "तिच्या स्वयंपाकघरात बसून मी तिला विचारलं, सायकल कोणत्या रंगाची होती? आणि तिने सांगितलं, आणि मी चहा प्याले." मग चष्मा काढून रजिस्टरवर ठेवला. "आणखी कोणाला पाठवलंस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "चहा टाक." मी आत गेलो. चहा उकळून उकळून काळा झाला तरी मला बाहेर यायचं धाडस होईना. बाहेर त्या फोनवर प्राध्यापकांशी बोलत होत्या. प्राध्यापक म्हणाले, फाइल उघडली होती, शेवटपर्यंत वाचली नाही, पुसून टाकतो. चांगला माणूस होता. पण गेलेलं मेल किती ठिकाणी जाऊन बसतं, हे माझ्या धंद्यात मला ठाऊक आहे.

त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चुकलो की वडील कानाखाली द्यायचे, ती दुसऱ्या दिवशी विसरायची सोय होती. मॅडमनी फक्त सांगितलं, "बाभळीला खरं सांगावं लागेल." सांगितलं. तो चिडला नाही म्हणे. एवढंच म्हणाला, पुसून टाका. मॅडमनी बावीसच्या बावीस पुसायचं ठरवलं. मी म्हणालो, "मॅडम, फक्त त्याच्या पुसूया ना. बाकीचं पुस्तक तरी..." त्या म्हणाल्या, "एकाची पुसली आणि सहांची ठेवली, तर ठेवलेल्यांवरून पुसलेला ओळखता येतो. हे तूच मला शिकवलंस की गजाननराव." त्यात टोमणा होता का? मी फार विचार केला आहे. नव्हता, असं वाटतं. टाइप केलेला मजकूरही त्यांनी त्याच दिवशी माझ्याकडून काढून टाकवला. टेप पुसणार हे सांगायला उंबरला त्यांनी फोन केला तो माझ्यासमोर. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "तिने विचारलं, एवढ्या टेपांमध्ये माझ्या नवऱ्याबद्दल कोणी काही बोललं का? मी नाही म्हटलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मी तिच्याशी खोटं बोलले नव्हते. तिने कधी विचारलंच नव्हतं."

टेप पुसायची त्यांची रीत अशी. मॅग्नेटच्या मशीनवर पुसायला बाहेर नेणं नको, तोडून कचऱ्यात टाकणं नको. कचरा कुठे जातो ते आपल्या हातात नाही. कॅसेट रेकॉर्डरमध्ये घालायची, लाल बटण दाबायचं आणि खोलीत बसून राहायचं. जुन्या आवाजावर खोलीचा आवाज चढत जातो. पंचेचाळीस मिनिटं झाली की बटण खट्कन् वर येतं. मग दुसरी बाजू. आणि प्रत्येक बाजू दोनदा, कारण त्यांचा रेकॉर्डर जुना होता, "एकदा पुसून भागत नाही, खाली राहतं थोडं." दुसऱ्यांदा झाली की टेप ऐकून बघायची नाही, हाही नियम. आठवड्याला अशा दोन खेपा. जवळजवळ वर्षभर आम्ही असे बसलो. मधे माझी सुट्टी शुक्रवारची रविवारी गेली, तर आमचं बसणंही रविवारी गेलं. समोरासमोर दोन खुर्च्या, मधे रेकॉर्डरचा लाल दिवा. पहिले काही आठवडे मी श्वाससुद्धा जपून घ्यायचो. मॅडम म्हणाल्या, "अरे बोल की, त्यासाठीच तर चालू आहे." मग आम्ही बोलू लागलो. मी मेहकरचं सांगायचो, त्या पुण्याचं. कधी युसूफभाई पाण्याच्या बाटल्या घेऊन यायचा, दिवा बघून दारातच कुजबुजायचा, "मॅडम, इंटरव्ह्यू चल रहा है?" मॅडम म्हणायच्या, "हां, आप का ही. बोलिए." तो लाजून 'अल्लाह, नहीं नहीं' करत पळायचा. त्या वर्षात आम्ही जितके हसलो तितके आधीच्या सात वर्षांत हसलो नव्हतो. आणि दर पंचेचाळीस मिनिटांनी बटण वर आलं की मला आठवायचं की आपण काय पुसतो आहोत, आणि कोणामुळे.

टेप चार त्या सारख्या पुढे ढकलत होत्या. पहिली बाजू दोन्ही वेळा झाली. दुसरी एकदा झाली. "हिची दुसरी खेप शेवटी करू," त्या म्हणाल्या. बाकीच्या सगळ्या संपल्या. गेल्या डिसेंबरात सहा कार्डं आली, बाभळीचं आलं नाही. तो गेला, की घाबरला, की कोणी त्याच्यापर्यंत पोहोचलं... विचारायचा मार्ग नव्हता. मॅडम रोज खाली पत्रपेटी बघायला युसूफभाईला पाठवायच्या. या उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या, मीराने त्यांना अबुधाबीला नेलं. शेवटची भेट हॉस्पिटलात. मला ओळखलं. म्हणाल्या, "पूर्ण बसलास का?" मी खुर्चीत मागे सरकून बसलो. माझ्या मनात सगळी वाक्यं तयार होती, दोन वर्षं तयार होती. मी म्हणालो, "मॅडम, ते रजिस्टर..." त्यांनी हात उचलून थांबवलं, ऐकताना टेप थांबवायच्या तसा. नंतर डोळे मिटून घेतले. पुढचं वाक्य मी कोणाला सांगू?

त्या गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मीराने शारजाचं घर रिकामं केलं. पुस्तकं कॉलेजला दिली. मला तिने एक पिशवी दिली: रेकॉर्डर आणि हेडफोन. "आईने सांगून ठेवलं होतं, दिस इज फॉर गजानन." घरी येऊन उघडला तर आत कॅसेट होती. चार. दुसरी बाजू वर.

ती त्यांनी विसरून आत ठेवली, की आठवणीने, हे मला कधीच कळणार नाही. रेकॉर्डर चालेना. शारजातल्या रोला बाजारात एका रिपेअरवाल्याकडे नेला, तो केरळी म्हातारा म्हणाला, "इसका बेल्ट अभी कहाँ मिलेगा, खलास है." मग माझ्या तोंडाकडे बघून सुट्या भागांची एक बरणी उपडी करून त्यातून एक बेल्ट शोधून काढला. घरी येऊन मी पहिल्यांदा ते हेडफोन माझ्या कानांना लावले. त्यांच्या फोमला अजून मॅडमच्या तेलाचा वास आहे. एसीची घरघर आली. लांबून अजान. मग मॅडम, अगदी जवळ: "गजानन, तुझ्या वडिलांची घंटा कसली होती रे? पितळी?" आणि एक ओशाळा माणूस, जो मी आहे: "नाही मॅडम. रुळाचा तुकडा टांगलेला होता. लोखंडी दांड्याने वाजवायचे." "आवाज कसा यायचा?" "खूप लांब जायचा, मॅडम. आमच्या शेतापर्यंत." मग आम्ही दोघं गप्प. आणि त्या गप्पपणात, घरघरीच्या खाली, कोणीतरी खोकलं. पुरुष. मी नव्हे. मग एक आवाज, शब्द न कळण्याइतका खोल, लयीत चाललेला, सांगत असल्यासारखा. दहा-बारा सेकंद. मग मॅडम म्हणाल्या, "चहा घेणार?" आणि तो बुडाला.

नऊ वर्षांत ऐकलेला त्यांतला पहिला आवाज.

ती कॅसेट नऊ दिवस माझ्या कपाटात होती. आजकाल असा खालचा आवाज वर काढून देणारी यंत्रं आहेत. आमच्याच यार्डात एक इंजिनीअर आहे, त्याने केलं असतं. उंबर अजून आहे. तिचं घर, रस्ता, क्रमांक... जे विसरायचं कबूल केलं ते नेमकं पाठ आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर जगात आता एकाच जागी उरलंय आणि ती जागा माझ्या शर्टांखाली आहे, हे डोक्यात घेऊन मी कामावर जात होतो, शिक्के मारत होतो. तिच्या जागी माझी आई असती तर? आणि त्याच पट्टीवर मॅडमचा आवाज. माझ्याकडे त्यांचा फोटोसुद्धा नाही. आवाज तो एवढाच. तो ठेवायचा तर खालचा माणूसही ठेवावा लागतो. एकदा मी उंबरला पत्र लिहायला बसलो. 'आदरणीय बाई' इतकं लिहिलं. मग लक्षात आलं की, मी पुन्हा तेच करतो आहे. कोणी आकडा विचारलेला असताना पूर्ण रजिस्टर पाठवतो आहे. ज्याला शब्द दिला तो मी नव्हतो, जिने प्रश्न विचारला तिनेही तो मला विचारला नव्हता. माझ्या हातात फक्त राहिलेली एक खेप होती.

गेल्या रविवारी बायको देवळात गेली होती. मी जेवणाच्या टेबलावर रेकॉर्डर ठेवला, टेप मागे फिरवली आणि लाल बटण दाबलं. बसलो. पूर्ण बसलो. पाच मिनिटांनी माझी मुलगी अनन्या खोलीतून आली. "बाबा, व्हाय आर यू सिटिंग लाइक दॅट?" मी म्हणालो, "काम करतोय." "बट यू आर डूइंग नथिंग." मी तिला समोरची खुर्ची दाखवली. ती बसली, दिव्याकडे बघत. थोड्या वेळाने मराठीत म्हणाली, जे ती क्वचितच करते, "दाभाडकर आजीचं आहे का हे?" मी हो म्हणालो. खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवला, शेजारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, अनन्याने नाक ओढलं. मी तिला आजोबांच्या घंटेबद्दल सांगितलं. बटण खट्कन् वर आलं तेव्हा ती दचकली.

नियमाप्रमाणे मी ती टेप ऐकून पाहिली नाही. नोंद केली नाही. तपासल्याशिवाय पुढे पाठवलेला हा माझ्या नोकरीतला आणि आयुष्यातला पहिला कागद असेल. ती आता टेबलाच्या खणात आहे. तिच्यावर आमचं घर आहे, हॉर्न आहे, कुकर आहे, अनन्याचं नाक आहे. पण संध्याकाळी यार्डाहून आल्यावर बूट काढताना मला ऐकू येतं... आमच्या घराखाली मॅडम विचारतायत, पितळी होती का रे घंटा? आणि त्या उत्तराची वाट बघत थांबल्या की, त्यांच्याही खाली, तो खोकतो.